कानातले खडे

खानदेशात उन्हाळा लागला की चकरेची कारणे शोधत बसावे लागत नाही. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला म्हणजे बसस्थानकावर, शेतात, लग्नाच्या मांडवात कोणाला ना कोणाला भोवळ येतेच, आणि सावलीत बसवून लिंबाचे सरबत दिले की ती बहुधा उतरतेही. म्हणूनच धरणगावातील एखाद्या साठीच्या गृहिणीने पहाटे कूस बदलताच घर फिरल्याची तक्रार केली, तर घरची मंडळी ऊन, पित्त, रक्तदाब आणि मानेचे मणके या चार संशयितांपैकी एकावर ठपका ठेवून मोकळी होतात. पाचवा संशयित कानात दडलेला असतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

वास्तविक या पाचव्याची चाल ओळखणे कठीण नाही. ऊन लागल्याने किंवा रक्तदाब उतरल्याने येणारी भोवळ उठून उभे राहताना येते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. कानातून उद्भवणारी चक्कर आडवे होतानाच येते. झोपेत कूस बदलताना, मान मागे टाकून वरच्या फळीवरचा डबा काढताना, उंच दोरीवर कपडे वाळत घालताना ती येते. तांब्या उंच धरून वरून पाणी पिण्याची आपल्याकडील पद्धत, डोळ्यांत थेंब टाकण्यासाठी मान मागे करणे, न्हाव्याच्या खुर्चीत रेलणे, मंदिरात पंचांग नमस्कार करून मस्तक उचलणे, हे सारे तिला आमंत्रण देणारे प्रसंग होत. खोली गरगर फिरते, मळमळते, कधी उलटी होते आणि बहुधा एका मिनिटाच्या आत सारे थांबते. मागे उरते ती धास्ती. मग उशा रचून बसल्या-बसल्या झोपणे, एकाच कुशीवर रात्र काढणे, स्नानगृहात जाताना सोबत मागणे असे सुरू होते.

वैद्यकशास्त्रात हा विकार बी.पी.पी.व्ही. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मराठीत त्याला स्थितिजन्य सौम्य चक्कर म्हणता येईल. यातील 'सौम्य' हा शब्द डॉक्टरांच्या बाजूचा आहे; जिवाला धोका नाही एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्याभोवती भिंती फिरतात त्याला त्यात सौम्य काही वाटत नाही, आणि उतारवयात अशा एका झोकांड्याने खुब्याचे हाड मोडले तर तो शब्द थट्टेसारखा वाटू लागतो. जर्मनीतील एका मोठ्या पाहणीत सुमारे २.४ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हातरी हा विकार होऊन गेल्याचे आढळले. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात वृद्धांच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या शंभर जणांची कानाच्या अंगाने परीक्षा केली, तेव्हा नऊ जणांत हा विकार निघाला. त्या नवांना तोवर त्याचे निदान मिळालेले नव्हते.

या विकाराचे मूळ समजले की उपचारांतील फरक आपोआप उलगडतो. आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका परस्परांशी काटकोनात बसविलेल्या असतात. डोके कोणत्या दिशेने वळले हे त्या मेंदूला कळवितात. त्यांच्या मुळाशी असलेल्या पिशवीसारख्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडू ज्याचा बनतो त्याच द्रव्याचे, डोळ्यांना न दिसणारे स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात. वय वाढल्याने, डोक्याला मार लागल्याने किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याने काही स्फटिक सुटतात आणि नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा ते मागील नलिकेत जातात, कारण आडवे झाल्यावर तीच सर्वांत खाली येते. त्यानंतर डोके हलले की खडे घरंगळतात, द्रव ढवळला जातो आणि डोके थांबल्यावरही तो कान 'अजून फिरत आहे' असे खोटे वर्तमान धाडत राहतो. गोळीने हे खडे विरघळत नाहीत. ज्या वाटेने आले त्याच वाटेने त्यांना परत पिशवीत नेऊन सोडणे हाच उपाय, आणि ते काम गुरुत्वाकर्षणाकडून करवून घ्यावे लागते. लहान मुले चक्रव्यूहाचे खेळणे हातात तिरपे करत करत त्यातील गोळी बाहेर काढतात, त्यासारखीच ही युक्ती.

ही सोपी गोष्ट उमगायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. आंतरकर्णावरील संशोधनासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांना त्या सन्मानाची वार्ता मिळाली तेव्हा ते रशियाच्या युद्धबंदी छावणीत होते. त्यांनी १९२१ मध्ये या स्थितिजन्य चकरेचे वर्णन केले. लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली तिची तपासणी निश्चित केली. बोस्टनचे हॅरॉल्ड शुक्नेश्ट यांनी मृतांच्या कानांचे सूक्ष्म परीक्षण करून १९६९ मध्ये नलिकेतील संवेदी पडद्यावर जमलेल्या कणांकडे बोट दाखविले. तरीही उपचार म्हणून गोळ्या किंवा फारच असह्य झाले तर कानाचा मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया, एवढेच हाती होते.

अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली यांनी १९८० मध्ये समव्यावसायिकांपुढे डोके क्रमाक्रमाने वळवून खडे परत नेण्याची कृती मांडली, तेव्हा तिच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. शस्त्रक्रियेची बाब असलेला विकार पलंगावर चार वेळा मान वळवून जातो, हे तज्ज्ञांना पटणे अवघडच होते. त्यांचा प्रबंध प्रसिद्ध व्हायला १९९२ साल उजाडले. पुढे परवाना मंडळासमोरील चौकशीलाही त्यांना तोंड द्यावे लागले, आणि त्यातून ते निर्दोष सुटले. १९९२ सालीच कॅनडाच्या पार्न्स आणि मॅक्ल्युअर या दोघांनी शस्त्रक्रियेच्या वेळी उघडलेल्या नलिकेत तरंगणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचे नोंदविले. एप्लींच्या तर्काला याहून मोठा साक्षीदार मिळणे शक्य नव्हते.

आता उपचारांची तुलना. प्रथम निदानाची चाचणी, कारण तिच्याविना पुढचे सारे अंधारात तीर मारण्यासारखे आहे. डिक्स-हॉलपाइक चाचणीत रुग्णाला पलंगावर बसवून मान एका बाजूला पंचेचाळीस अंश वळवतात आणि डोके पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबेल अशा बेताने चटकन आडवे करतात. खालच्या बाजूचा कान दोषी असेल तर काही सेकंदांनी चक्कर सुरू होते आणि बुबुळे विशिष्ट तऱ्हेने हिसके घेत गोल फिरतात. डॉक्टर रुग्णाच्या बोलण्याहून या बुबुळांवर अधिक विसंबतात. उजवा कान की डावा, मागील नलिका की आडवी, हे त्यांवरूनच ठरते. यासाठी यंत्र लागत नाही, स्कॅन लागत नाही. लागतो तो एक पलंग, पाहणारी सवयीची नजर आणि दोन मिनिटे.

मागील नलिकेतील खड्यांसाठी मुख्यत्वे तीन उपाय प्रचलित आहेत. एप्ली क्रियेत चाचणीच्याच स्थितीपासून आरंभ होतो. दोषी कानाकडे मान वळवून आडवे व्हायचे, चक्कर शमेपर्यंत थांबायचे, मान नव्वद अंशांतून दुसऱ्या बाजूला न्यायची, पुन्हा थांबायचे, मग अंगासह त्याच कुशीवर वळून नाक जमिनीकडे करायचे आणि शेवटी कुशीवरूनच उठून बसायचे. दुसरी क्रिया फ्रान्सचे भौतिकोपचारतज्ज्ञ अलँ सेमाँ यांची, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली. तीत पलंगाच्या कडेवर बसून मान निरोगी बाजूला वळवतात आणि दोषी कानाच्या कुशीवर झटकन आडवे करतात. काही वेळाने मानेचा कोन न बदलता रुग्णाला एका झटक्यात दुसऱ्या कुशीवर नेतात. वेग हाच तिचा प्राण आहे. तिसरा उपाय ब्रांट-डॅरॉफ व्यायामाचा, १९८० चा. पलंगाच्या कडेवर बसून आळीपाळीने दोन्ही कुशींवर आडवे होणे, दर वेळी अर्धा मिनिट थांबणे, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. कान कोणता हे ठाऊक नसले तरी तो करता येतो, म्हणून त्याच्या चित्रांचा छापील कागद रुग्णाच्या हाती देणे सर्वांत सोयीचे पडते.

या सोयीची किंमत मात्र रुग्ण मोजतो. स्पेनमध्ये २००१ साली १०६ रुग्णांना तीन गटांत वाटून हे तीन उपाय शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यात आले. आठवड्याअखेर सेमाँ गटात ७४ टक्के, एप्ली गटात ७१ टक्के बरे झाले; ब्रांट-डॅरॉफ गटात केवळ २४ टक्के. तीन महिन्यांनी तो गट ६२ टक्क्यांपर्यंत पोहोचला, तेव्हा एप्ली गट ९३ टक्क्यांवर होता. आठवडाभर दररोज तीन वेळा घाम गाळून जे साधत नाही ते दवाखान्यातील पाच मिनिटांत साधते, असा याचा सरळ हिशेब आहे. अनेक चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन आढाव्याच्या २०१४ च्या आवृत्तीत ११ चाचण्यांतील ७४५ रुग्ण होते. त्यातही एप्ली आणि सेमाँ यांत सरस-निरस ठरविता आले नाही. मात्र एप्ली केलेल्यांत चक्कर पूर्ण जाण्याचे प्रमाण ५६ टक्के आणि लुटुपुटीची क्रिया केलेल्यांत वा काहीच न केलेल्यांत २१ टक्के, एवढे अंतर स्पष्ट दिसले. या २१ टक्क्यांकडे दुर्लक्ष करू नये. काहीही न करता पाचांतील एक जण आपोआप बरा होतो. त्याने त्या आठवड्यात जी गोळी, जो काढा, जो अंगारा घेतला असेल त्याची कीर्ती पुढे गावभर पसरते.

तज्ज्ञाच्या हातात दोन्ही क्रिया तुल्यबळ असल्या तरी घरी चित्र बदलते, आणि धरणगावकरांच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा आहे. बर्लिनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० रुग्णांनी या क्रिया शिकून घेऊन स्वतःच्या स्वतः केल्या. आठवड्यानंतर एप्ली करणारे ९५ टक्के बरे झाले, सेमाँ करणारे ५८ टक्केच. सेमाँमध्ये अंग झोकून द्यावे लागते, मानेचा कोन सांभाळावा लागतो, आणि चकरेच्या भीतीने जो तो अंग आवरून, बेताबेताने आडवा होतो. तेथेच ती फसते.

त्यात आपल्या घरांची रचना. सेमाँ आणि ब्रांट-डॅरॉफ या दोन्हींसाठी पाय खाली सोडून बसता येईल असा उंच, टणक पलंग हवा. जुन्या वाड्यांतून अजूनही जमिनीवर गादी घालून झोपणारी वडीलधारी मंडळी आहेत. कोठे सुतळीची बाज आहे, तिच्या झोळात या क्रिया होणे नाही. एप्लीचे तसे नाही. गादीवर बसून, आडवे झाल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी ठेवली की डोके आपोआप मागे झुकते आणि क्रिया जमिनीवरही पार पडते. जवळ हात धरणारे कोणी असावे, एवढीच अट. आणखी एक क्रिया जमिनीवरच करावयाची आहे. स्वतःच या विकाराने पीडित असलेल्या कोलोराडोच्या डॉ. कॅरल फॉस्टर यांनी २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. गुडघ्यांवर बसून प्रथम छताकडे पाहायचे, मग शशांकासनात टेकवावे तसे मस्तक जमिनीला टेकवून मान दोषी बाजूच्या कोपराकडे वळवायची, मग डोके पाठीच्या पातळीत आणि शेवटी झटकन ताठ करायचे. त्यांच्या तुलनेत एका बैठकीपुरती एप्ली अधिक प्रभावी ठरली, पण फॉस्टर यांच्या क्रियेत रुग्णांना चकरेचा जाच कमी झाला. गुडघे धड असणाऱ्यांनाच ती मानवेल, हे उघड आहे. आणि साठीनंतर अशा गुडघ्यांची संख्या मोठी नसते.

सेमाँ क्रियेचा पक्ष अलीकडे पुन्हा सावरला आहे. डोके नेहमीपेक्षा अधिक खाली नेणारी तिची सुधारित आवृत्ती म्युनिक, सिएना आणि ब्रुग्ज येथील १९५ रुग्णांवर एप्लीशी ताडून पाहण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुधारित सेमाँने चक्कर थांबायला सरासरी दोन दिवस लागले, एप्लीने ३.३ दिवस. फरक खरा आहे, परंतु तेथे रुग्णांना पहिली क्रिया डॉक्टरांनी करून दाखविली होती हे विसरता कामा नये. शिकविणारा मिळाला आणि पाठ-कंबर साथ देणारी असली तर ती निवडावी. लठ्ठ शरीर, दुखरी कंबर, बसलेला खांदा यांपैकी काही असेल तर दोहोंपैकी जी निभेल ती चांगली.

खडे आडव्या नलिकेत असतील तर वरील कशाचाच उपयोग होत नाही. तेव्हा चक्कर दोन्ही कुशींवर येते. त्यासाठी रुग्णाला उताणे निजवून नव्वद-नव्वद अंशांनी संपूर्ण फेरा करवितात. इंग्रजीत तिचे नाव 'बार्बेक्यू रोल' असे मांस भाजण्यावरून पडले आहे, ते आपण घेऊ नये. निखाऱ्यावर मक्याचे कणीस फिरवावे तसे, असे म्हटले तरी अर्थ तोच. इटलीचे गुफोनी यांची क्रिया हा याला पर्याय. कोरियातील १७० रुग्णांवरील चाचणीत पहिलीने ६९ टक्के, दुसरीने ६१ टक्के आणि लुटुपुटीच्या क्रियेने ३५ टक्के बरे झाले. वृद्धांना कुशीवर निजविणे पूर्ण फेऱ्यापेक्षा सोपे जाते, एवढ्याच कारणासाठी काही तज्ज्ञ गुफोनी पसंत करतात.

गोळ्यांचा विषय येथे टाळून चालणार नाही, कारण चकरेवर आपल्याकडे सर्वाधिक दिली जाते ती गोळीच. बीटाहिस्टीन, सिनारिझिन यांसारखी औषधे महिनोन्‌महिने चालू राहतात. मळमळ असह्य असेल तर चार-दोन दिवस गोळी घेणे समजण्यासारखे आहे, परंतु कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना या विकारात चक्कर दाबणारी औषधे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत असेच सांगतात. गुंगी आणणाऱ्या गोळीने वृद्धांचा तोल आणखी जातो, आणि जे पडणे टाळायचे तेच ओढवते. क्रियेनंतर दोन रात्री बसून झोपणे, मानेला पट्टा बांधणे, त्या कुशीवर न वळणे या जुन्या बंधनांचीही त्या सूचनांनुसार गरज नाही. तरीही पट्ट्याचा सोस सुटत नाही. मानेचा एक्स-रे काढला की पन्नाशीनंतर झीज दिसायचीच, आणि दिसली की चकरेचा गुन्हा तिच्याच माथी मारला जातो.

घरी स्वतः क्रिया करण्यापूर्वी एकदा तरी जाणकाराकडून निदान करून घेणे अपरिहार्य आहे. चुकीच्या कानावर केलेली क्रिया व्यर्थ जाते, आणि क्वचित बरोबर कानावर केली तरी खडे घसरून आडव्या नलिकेत शिरतात. ते ओळखायलाही सवयीची नजर लागते. धरणगावहून जळगाव रेल्वेने वा बसने तीसेक किलोमीटर. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. घर फिरत असताना बसचे धक्के खात जाणे नकोसे वाटते हे खरे, पण चाचणी आणि उपचार एकाच भेटीत, एकाच पलंगावर आटोपतात, दुसरी खेप बहुधा वाचते. मानेची शस्त्रक्रिया झालेली असेल, मणक्यांचा संधिवात तीव्र असेल किंवा मानेतील रक्तवाहिनीचा विकार ठाऊक असेल, तर ते आधीच सांगावे. म्हणजे मान मागे न लोंबविता क्रिया करण्याची तजवीज होते.

चकरेसोबत बोलणे अडखळले, एकाची दोन दिसू लागली, हात-पाय वा चेहरा लुळा पडला, आधाराविना उभे राहता येईना, एकाएकी ऐकू येईनासे झाले किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी उसळली, तर या लेखातील एकही क्रिया करू नये. ते लक्षण मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे असू शकते, आणि तेथे घटका-पळांचा हिशेब असतो. तडक रुग्णालय गाठावे.

बरे झालेल्यांपैकी अनेकांना हा विकार पुन्हा गाठतो. कॉक्रेन आढाव्यात तसे प्रमाण ३६ टक्के नोंदले आहे. कोरियातच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, रक्तातील ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांना ते कॅल्शियमसह दिल्यावर वर्षभरातील पुनरावृत्ती सुमारे चोवीस टक्क्यांनी घटली. खानदेशात उन्हाची वाण नाही, पण त्याच उन्हाच्या भीतीने घरातील स्त्रिया दिवसभर आत असतात, आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या देशात सर्रास आढळते. रक्ताची ही एक तपासणी डॉक्टरांना विचारून करून घेण्याजोगी आहे. औषधांच्या डब्यात एक चिठ्ठीही असावी. कोणत्या तारखेला चक्कर आली, कोणता कान निघाला, कोणती नलिका, कोणती क्रिया किती वेळा केली, एवढे तीवर लिहिलेले असावे. पुढच्या खेपेस कान बदललेला असू शकतो, त्यामुळे तपासणी टळत नाही. परंतु पहाटे तीन वाजता घर फिरू लागले, तर काय घडत आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते आणि कोणी लिंबाचे सरबत करायला धावत नाही.